बाहुबलींनी नेमकं काय सोडलं?

दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाचा दिवस आला की बाहुबलींची गोष्ट येतेच. सांगणारे महाराज असोत, पंडितजी असोत की पाठशाळेतल्या बाई, सांगण्याची रीत ठरलेली. भरताने चक्र सोडलं, बाहुबलींना वैराग्य आलं, वर्षभर ते एका जागी उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली, तरी केवलज्ञान होईना. का होईना? तर मनात शल्य होतं, ‘मी भरताच्या भूमीवर उभा आहे.’ ते शल्य गेलं आणि त्याच क्षणी ज्ञान झालं. एवढं झालं की सांगणाऱ्याची नजर बायकांच्या बाजूला वळते. तेव्हा बायांनो, मागचं धरून बसू नका, सोडायला शिका.

गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या बेळगाव भागात तर बाहुबली घरचेच. कुंभोजचा डोंगर इकडे, श्रवणबेळगोळ तिकडे, आणि तिथल्या मूर्तीच्या पायाशी चावुंडरायाचं नाव मराठीतही कोरलेलं. तक्रार आहे ती सांगण्याबद्दल. ह्या सांगण्यातून गोष्टीचा अर्धा भाग गळून जातो, आणि गळतो तो नेमका आपल्या, म्हणजे बायकांच्या, कामाचा.

आदिपुराण उघडून बघा. आचार्य जिनसेनांचं, नवव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. मूळ संस्कृत आपल्याला झेपलं नाही तरी हिंदी अनुवादासह मिळतं. 36 व्या पर्वात हा प्रसंग आहे. तिथे बाहुबलींच्या मनात जे उरलं होतं ते भूमीबद्दल नाहीच. ते भावाबद्दल आहे. माझ्यामुळे भरताला क्लेश झाला, एवढाच तो विचार. म्हणजे झालेल्या अन्यायाचा राग नव्हे. चक्र ज्याने सोडलं त्याच्या मनाला काय वाटलं असेल, ही काळजी!

मला तर हे वाचून प्रथम हसूच आलं. ही तर आपली जुनी खोड की हो. बोलणं आपण खायचं आणि रात्री पडल्यावर ‘मीच जास्त बोलले का, त्यांना लागलं असेल का’ म्हणून कूस बदलत राहायचं. फरक एवढाच की बाहुबलींच्या बाबतीत तो खरा स्नेह होता, आणि आपल्या बाबतीत पुष्कळदा ती भीती असते.

मग त्याला शल्य म्हणायचं का? तत्त्वार्थसूत्र वाचलेल्या कुणालाही इथे अडायला हवं. व्रती असतो तो निःशल्य, असं ते सूत्र सांगतं, आणि शल्यं तीन मानली आहेत: माया, मिथ्यात्व आणि निदान. ह्यातलं एक जरी मनात असतं तरी बाहुबलींचं मुनिपणच टिकलं नसतं. म्हणजे रोजच्या सांगण्यातला शल्य हा शब्द शास्त्राला धरून नाही. पण तो बसलाय खरा, कारण त्यामुळे दोष उभं राहणाऱ्याच्या मनात टाकता येतो. चक्र सोडणाऱ्याकडे मग कुणी बघत नाही.

आणि जिनसेन तर त्याच्याकडे बघायला लावतात. केवलज्ञान होतं ते भरत येऊन पूजा करतो तेव्हा. भरताच्या पूजा दोन आहेत. एक ज्ञानाच्या आधीची, एक नंतरची. नंतरची मोठी, थाटाची. आधीची मात्र स्वतःचा अपराध धुऊन टाकण्यासाठी होती, असं आचार्य स्पष्ट सांगतात. चक्रवर्ती, सहा खंडांचा धनी, आपल्या पायाने चालत आला आणि हात जोडून उभा राहिला. इतकी वर्षं प्रवचनं ऐकते आहे, पण ह्या पहिल्या पूजेवर कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.

श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात हीच गोष्ट वेगळी सांगितली आहे. तिथे अडतो तो मान. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसं करू, हा. ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरीला पाठवतात, आणि दोघी बहिणी येऊन सांगतात की हत्तीवरून खाली उतरा. बाहुबलींना हत्ती कोणता ते कळतं, ते पाऊल उचलतात, आणि ज्ञान होतं. गोष्ट म्हणून मला ही जास्त आवडते, बहिणींमुळे. पण इथेही एक लक्षात घ्यायला हवं. बहिणी येतात त्याच्या कितीतरी आधी, बाहुबलींनी केस उपटले तेव्हाच, भरत रडून पायाशी वाकलेला आहे. त्याच्या बाजूचा हिशोब चुकता झालाय. म्हणून मग ‘उतरा’ हे सांगणं शोभतं. ज्याच्यापुढे कुणी वाकलंच नाही त्याला हत्तीवरून उतर म्हणणं म्हणजे काय? तो मुळात जमिनीवरच असतो.

हे सगळं मी का उकरते आहे, ते सांगते. ही गोष्ट मुळात भावाभावांतल्या वाटणीची आहे. वडिलांनी मला दिलेलं राज्य आहे, त्यासाठी तुझ्यापुढे वाकणार नाही, असं बाहुबली म्हणाले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, तिन्ही जिंकले. आणि जिंकल्यावर, सगळं हातात असताना, सोडलं. आपल्याकडे हीच गोष्ट कधी निघते? हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणीचा हात थांबला की. भगवंतांनी राज्य सोडलं, तुला दोन एकर सोडवत नाही होय गं? 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, आणि तो कायदा आपल्यालाही, जैनांनाही, लागू आहे. पण तिला आधी ‘हे तुझं आहे’ असं कुणी म्हणतच नाही. जे हातात कधी दिलंच नाही त्याचा त्याग तिने करायचा, वर क्षमावाणीला तिनेच आधी फोन करायचा.

राजीखुशीने सही करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. भावाची परिस्थिती बघून, समजून उमजून. त्यांच्या चेहऱ्यावर पुढेही कधी कडवटपणा दिसला नाही, आणि त्याला मी त्यागच म्हणेन. पण ज्यांच्याकडून सही काढून घेतली त्यांना ‘झालं गेलं विसर, मनाला शांती मिळेल’ असं सांगताना बाहुबलींना मध्ये ओढू नये. ते विसरले नव्हते. भरत त्यांच्या मनात शेवटपर्यंत होता, रागाने नव्हे पण होता. मागचं पुसून टाकणं वेगळं आणि त्यातलं वैर काढून टाकणं वेगळं. वैर तर त्यांनी रणांगणातच टाकलं होतं. उरलं ते भरताच्या येण्याने मिटलं.

बदामीच्या चौथ्या लेण्यात बाहुबलींच्या दोन्ही बाजूंना बायका दिसतात. वेरूळलाही दिसतात. त्या विद्याधरी की ब्राह्मी-सुंदरी, ह्यावर दोन मतं आहेत. जिनसेनांकडे वेली दूर करायला विद्याधरीच येतात. श्रवणबेळगोळला मात्र वेली तशाच मांड्यांवरून दंडांवर चढलेल्या, आणि त्या काढणारं कुणी नाही. त्या मूर्तीपुढे आपण इतके लीन होतो की हे उभं राहणं एकट्याचंच होतं असं वाटायला लागतं.

पुढच्या पर्वात शास्त्रसभेत गोष्ट निघाली की एकीने तरी हात वर करावा. म्हणावं, महाराज, 36 वं पर्व घ्या, भरताची पहिली पूजा वाचून दाखवा. आणि वाचन चालू असताना पुरुषांच्या बाजूलाही जरा बघा.