कोरं पॅड

१३ ऑक्टोबर २०२०. एमी कोनी बॅरेट अमेरिकन सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे बसल्या आहेत. सिनेटर जॉन कॉर्निन त्यांना विचारतात, आमच्या सगळ्यांपुढे जाडजूड फायली आणि टिपणं आहेत, तुमच्यापुढे काय आहे? बॅरेट समोरचं पॅड उचलून दाखवतात. कोरं. वर फक्त सिनेटचं नाव छापलेलं. त्यांचे समर्थक खूश झाले. बघा, बाई टिपणाशिवाय बोलतेय! दिवसभरात या क्लिपचे मीम झाले.

मी एरवी नाटकांवर लिहिते. इतकी नेमकी प्रॉपर्टी एखाद्या नेपथ्यकारालाही सुचली नसती. त्या दिवसांत बॅरेट यांनी गर्भपात, आरोग्यविमा, निवडणुकीचे वाद अशा ज्या ज्या विषयांवर त्यांचं मत कळायला हवं होतं, त्यावर काहीही सांगितलं नाही. पॅडही कोरं, उत्तरंही कोरी. २६ ऑक्टोबरला, अध्यक्षीय निवडणूक आठ दिवसांवर असताना, ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. एकाही डेमोक्रॅटने त्यांना मत दिलं नाही.

पद्धत थोडक्यात सांगते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेटची समिती त्या व्यक्तीची जाहीर सुनावणी घेते आणि मग शंभर सिनेटर मत देतात. मंजूर झालं की नोकरी तहहयात.

या सुनावण्यांना 'तमाशा' म्हणायची फॅशन आहे. मला त्यात तमाशाचा अपमान वाटतो. बतावणीत सोंगाड्या समोरच्याला अडवतो, खोड काढतो, अनपेक्षित काहीतरी बोलतो. इथे अनपेक्षित काही घडू नये म्हणून आधी रंगीत तालमी होतात. वकील खोटे सिनेटर बनून उमेदवाराला तासन्‌तास छळतात. त्या तालमीला तिकडे 'मर्डर बोर्ड' म्हणतात. या प्रयोगात खोट काय? संवाद सगळे पाठ आहेत आणि शेवट मतांच्या बेरजेत आधीच ठरलेला आहे.

हे असं कधीपासून झालं? बहुतेक जण १९८७कडे बोट दाखवतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचं नाव सुचवलं आणि तासाभरातच एडवर्ड केनेडी सिनेटमध्ये उभे राहून 'बोर्क यांची अमेरिका' किती भयानक असेल याचं वर्णन करू लागले. पुढे अभिनेता ग्रेगरी पेकच्या आवाजात टीव्हीवर विरोधाची जाहिरात आली. एका पत्रकाराने तर बोर्क कुटुंबाने भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी दुकानातून मिळवून छापली. (यादी अगदीच साधी निघाली. पण खासदार मंडळी हादरली आणि १९८८ साली कोण काय बघतं हे गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. तो आजच्या स्ट्रीमिंग कंपन्यांनाही कोर्टात खेचायला वापरतात.)

हा सगळा गदारोळ बाजूला ठेवून नुसती बोर्क यांची साक्ष बघा. पाच दिवस हा दाढीवाला प्राध्यापक बोलतोय. खाजगीपणाचा हक्क राज्यघटनेत कुठे लिहिलाय, जुने निकाल का चुकले, सगळं सविस्तर. न्यायाधीश का व्हायचंय असं विचारल्यावर तो म्हणाला की ती बुद्धीची मेजवानी असेल. लोकांना न्याय देण्याबद्दल अवाक्षर नाही! मला त्याची मतं पटत नाहीत, काही तर धोकादायक वाटतात. पण या सबंध शैलीत मी पाहिलेला हा एकमेव प्रयोग आहे, जिथे उमेदवार खरोखर काय विचार करतो ते प्रेक्षकांना कळलं आणि ते कळल्यामुळे निकाल लागला. ४२ विरुद्ध ५८. बोर्क पडले, त्यांच्याच पक्षाच्या सहा जणांनी विरोधात मत दिलं.

म्हणजे त्या दिवशी सुनावणीने तिचं काम केलं होतं. पण दोन्ही पक्षांनी धडा घेतला तो एवढाच, की पुढच्या उमेदवाराने तोंड उघडायचं नाही.

याचा सगळ्यात गमतीदार पुरावा म्हणजे एलेना केगन. १९९३मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या सुनावणीच्या वेळी त्या समितीच्या वतीने काम करत होत्या. भावी खटल्यांबद्दल सूचक काहीही बोलणार नाही, असं गिन्सबर्ग यांनी तिथे जाहीर केलं. १९९५मध्ये केगन यांनी एका कायद्याच्या नियतकालिकात लिहिलं की या सुनावण्या पोकळ सोंग झाल्या आहेत, सिनेटरांनी उमेदवाराला ठोस प्रश्न विचारून बोलतं केलं पाहिजे. मग २०१० उजाडलं आणि केगन स्वतः त्या खुर्चीत बसल्या. सिनेटरांनी तो लेख त्यांना ऐकवला. केगन हसल्या, जरा अतीच लिहिलं होतं अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि ठोस उत्तरं टाळत राहिल्या. समीक्षकाला नाटकात काम दिलं की काय होतं, ते मला माझ्या क्षेत्रातही माहीत आहे.

पूर्वी सगळं सभ्य होतं, असं रडगाणं गाणाऱ्यांचंही मला पटत नाही. १९८६मध्ये अँटोनिन स्कॅलिया ९८ विरुद्ध ० असे निवडून आले, याचा दाखला नेहमी दिला जातो. पण त्याच्या एकोणीस वर्षं आधी पहिले कृष्णवर्णीय उमेदवार थर्गुड मार्शल यांना स्ट्रॉम थरमंड यांनी घटनादुरुस्त्यांच्या इतिहासातले बारीकसारीक प्रश्न विचारून हैराण केलं होतं. दक्षिणेत काळ्या मतदारांना मतदान नाकारायला ज्या 'परीक्षा' घेत, त्याच चालीवर. आणि पहिली जाहीर सुनावणी १९१६ची, लुईस ब्रँडाइस यांच्यासाठी. ते सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेले पहिले ज्यू. चार महिने वाद चालला. तेव्हा उमेदवाराने हजर राहायची रीतही नव्हती. सभ्यता या घरात फारशी कधी नांदलीच नाही.

नवीन काय आहे, तर प्रयोगच रद्द करण्याची सोय. फेब्रुवारी २०१६मध्ये स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. मिच मॅककॉनेल म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, लोक ठरवतील. २९३ दिवस गार्लंड यांना सुनावणीसुद्धा मिळाली नाही. चार वर्षांनी, बॅरेट यांच्या वेळी, तोच नियम कुणाला आठवला नाही. मधल्या काळात २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नेमणुका साध्या बहुमताने होऊ लागल्या. विरोधकांचं मन वळवण्याची गरज संपली, आणि प्रश्न विचारण्यातलं उरलंसुरलं नाट्यही संपलं.

आता मी जिथे पोचायचं टाळत होते तिथे येते.

२७ सप्टेंबर २०१८ला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पुण्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी एका लॅपटॉपसमोर बसलो होतो. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड बोलत होत्या. शाळकरी वयात ब्रेट कॅव्हनॉ यांनी आपल्यावर जबरदस्ती करण्याचा प्रयत्न केला, असा त्यांचा आरोप होता. कॅव्हनॉ यांनी तो साफ नाकारला. त्या खोलीची रचना बघा. पाच-पाच मिनिटांचे तुकडे. रिपब्लिकन सिनेटर स्वतः बोलत नव्हते, त्यांच्या वतीने ॲरिझोनाहून आणलेली एक महिला सरकारी वकील प्रश्न विचारत होती. ती एका धाग्याला हात घालायची आणि वेळ संपायची. बाई सांगतेय आणि घड्याळ कापतंय. दुपारी कॅव्हनॉ बोलायला लागल्यावर थोड्याच वेळात वकीलबाई बाजूला झाल्या आणि सिनेटरांना स्वतःचा आवाज परत सापडला.

१९९१मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्याविरुद्ध अनिता हिल याच समितीपुढे बसल्या होत्या. समोर चौदा गोरे पुरुष. त्यांच्यातले तिघे, ग्रासली, हॅच आणि लेही, फोर्ड यांच्यासमोरही होते. थॉमस यांनीही आरोप नाकारले होते. ते ५२ विरुद्ध ४८ मतांनी आले, कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ मतांनी. एक सिनेटर लेकीच्या लग्नाला गेले होते, म्हणून विरोधातल्या एका बाईंनी सौजन्याने आपलं मत नुसतं 'हजर' असं नोंदवलं. सौजन्य शिल्लक आहे ते असं!

माझी रूममेट तेव्हा आमच्या कॉलेजच्या समितीकडे एक तक्रार लिहीत होती. फोनमध्ये, तुकड्यातुकड्याने. मतदानाच्या रात्री तिने ती डिलीट केली. मी काही बोलले नाही, आणि ते मला अजून डाचतं. नंतरच्या आठवड्यात आपल्याकडे एकेक नावं बाहेर यायला लागली, तरी ती गप्पच राहिली.

आपल्याकडे अशा सुनावण्या नाहीत म्हणून हायसं वाटणाऱ्यांना एवढंच म्हणेन, की आपल्याकडे न्यायाधीश कॉलेजियमच्या बंद दाराआड निवडले जातात. ती बदलू पाहणारी व्यवस्था सुप्रीम कोर्टानेच २०१५मध्ये रद्द केली. कोरं पॅड बघायलाही आपल्याला कुणी बोलावत नाही. अमेरिकेत निदान कोऱ्या पॅडचं पुढे काय झालं ते तपासता येतं. गर्भपाताच्या जुन्या निकालाला आपल्या सुनावणीत 'पायंडा' म्हणणारे कॅव्हनॉ आणि काहीच न म्हणणाऱ्या बॅरेट २४ जून २०२२ला तो निकाल उलथवणाऱ्यांत होते.

मागच्या महिन्यात रूममेटचा फोन आला. मी हे लिहितेय असं तिला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती अनिता हिल, ती आता काय करते गं?"

"शिकवते."

"कुठे?"

बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात, मी म्हटलं. त्याचं नाव ब्रँडाइस.