गृहबाजाराचे शिक्षण : भद्रावतीच्या संदर्भात एक चिकित्सा

घर ही मूलभूत गरज असूनही घरांच्या बाजारपेठेचा अभ्यास आपल्याकडील अर्थशास्त्राच्या अध्यापनात दुय्यम राहिला आहे. कार्ल केस व रॉबर्ट शिलर यांनी 1988 मध्ये अमेरिकेतील चार शहरांतील घरखरेदीदारांकडून प्रश्नावली भरून घेतली. खरेदीदार पुढील किमतीचा अंदाज बऱ्याच अंशी मागील भाववाढीवरून बांधतात, असे त्यातून दिसून आले. हा निष्कर्ष मोलाचा असला तरी भद्रावतीस तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

येथील निवाऱ्याचा लक्षणीय भाग बाजाराबाहेर आहे. चांदा आयुध निर्माणी आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचे माजरी क्षेत्र यांच्या वसाहतींत राहणारा कामगार सेवाकाळ क्वार्टरमध्ये काढतो व निवृत्तीच्या सुमारास, भविष्य निर्वाह निधीच्या भरवशावर, आयुष्यातील पहिला आणि बहुधा शेवटचा प्लॉट घेतो. मागील भावांचा स्वानुभव त्याच्यापाशी नसतो. असते ती खाण येणार, कारखाना येणार ही ऐकीव वार्ता. 1990 च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या नियोजित वीजप्रकल्पासाठी याच तालुक्यातील शेतजमीन संपादित झाली आणि प्रकल्प मात्र उभा राहिला नाही. घोषणेवर विसंबून भाव ठरविण्यातील धोका शिकविण्यास याहून बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधावे लागेल.

महारेराने 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, हे पाऊल स्वागतार्हच होय. तथापि त्याचा रोख नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. 500 चौरस मीटरपर्यंतचे किंवा 8 सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. पुनर्विक्रीचे व्यवहारही बाहेरच राहतात. लहान गावातील मध्यस्थ नेमका याच व्यवहारांवर जगतो. शिवाय त्याला ज्ञान हवे ते वेगळेच : जमीन अकृषिक आहे काय, भोगवटादार वर्ग-2 ची आहे काय, आदिवासी खातेदाराची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार परवानगी घेतली आहे काय. कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, 1957 खालील अधिसूचना राजपत्रात निघतात. केवळ सातबारा पाहून समाधान मानणाऱ्यास त्यांचा सुगावा लागेलच असे नाही. मुंबई-पुण्यातील सदनिका डोळ्यांसमोर ठेवून आखलेले शिक्षण येथे अपुरे पडते.

आकडेवारीचा प्रश्न आणखी बिकट आहे. राष्ट्रीय आवास बँकेच्या 'रेसिडेक्स' निर्देशांकात 50 शहरे आहेत. भद्रावती त्यात नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 उपलब्ध आहे, परंतु मुद्रांक शुल्क करारातील किंमत व शासकीय बाजारमूल्य यांपैकी अधिक रकमेवर आकारले जात असल्याने नोंदलेली किंमत शासकीय दराजवळ ठेवण्याकडे पक्षकारांचा कल असतो. अशा नोंदींवरून काढलेली सरासरी प्रत्यक्ष बाजारापेक्षा शासकीय दरतक्त्याचेच वर्तन अधिक दाखविते. म्हणून सूचीतील नोंदींसोबत खरेदीदारांच्या मुलाखती घेणे क्रमप्राप्त ठरते, आणि हे काम स्थानिक महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांना प्रकल्पकार्य म्हणून सहज हाती घेता येण्याजोगे आहे.