समाह्वय : पण, फासा आणि माणूस

स्मृतिकारांनी जुगाराचे दोन भाग पाडले. निर्जीव साधनांनी खेळावयाचे ते द्यूत. सजीवांना झुंजवून त्यांच्या जयापजयावर पण लावावयाचा तो समाह्वय. मनूने दोन्ही निषिद्ध मानले. याज्ञवल्क्याने राजाच्या देखरेखीखाली, राजभाग घेऊन, ते चालू दिले. हा वाद परिचित आहे. त्याहून मोलाचा तपशील विज्ञानेश्वराचा. 'मिताक्षरे'त समाह्वयाची उदाहरणे देताना त्याने मल्ल, मेंढा आणि रेडा यांना एकाच पंक्तीत बसविले आहे.

'झुंजीवरील पैज' असे भाषांतर केल्याने या शब्दाचा अर्थ कळतो, परंतु त्यातील 'ह्वे' हा धातू हरवतो. ह्वे म्हणजे हाक मारणे. हाक कोणी दिली आणि ती कोणाला नाकारता आली असती, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे.

महाभारत हा प्रश्न दोनदा उभा करते. परंपरा ज्या इंद्रप्रस्थाची जागा दिल्लीच्या पुराना किल्ल्यापाशी दाखविते, तेथून हस्तिनापुरास आलेला युधिष्ठिर सांगतो की, आव्हान आल्यावर मागे न फिरणे हे आपले व्रत आहे. त्या व्रतापायी तो भीमालाही पणाला लावतो. विराटपर्वात हे दोघे भाऊ पुन्हा एकाच अध्यायात भेटतात. कंक बनलेला युधिष्ठिर फाशांवर धन जिंकून भावांना गुपचूप वाटतो. बल्लव बनलेला भीम आखाड्यात ढकलला जातो. जीमूत मल्लापुढे कोणी उभा राहीना, तेव्हा राजा आपल्या आचाऱ्यास उतरवितो. भीम नाखुशीने उतरतो, कारण राजाला उघड नकार देणे त्याला शक्य नाही. नुसत्या हातांच्या त्या झुंजीत जीमूत मरतो. पुढे जोडीचा मल्ल उरत नाही, तेव्हा भीमाची गाठ वाघसिंहांशी घातली जाते. मिताक्षरेची पंक्ती येथे प्रत्यक्ष मांडलेली दिसते.

विराटपर्वाकडे करमणुकीचे पर्व म्हणून पाहण्याची आपली सवय मला म्हणूनच पटत नाही. येथे कोणी पैज लावल्याचा उल्लेख नाही, हे खरे. विराट देतो ते इनाम आहे, आणि इनाम लढणाऱ्याच्या हाती पडते. पणाचे धन पाहणाऱ्याच्या. तरीही सभापर्वात जो भीम पण झाला, तोच येथे फासा होतो. माणसाचा फासा होण्यास पैशाची गरज लागतेच असे नाही. त्याचा नकार काढून घेतला की पुरे होते.

१८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने रस्त्यावर पक्षी वा जनावरे झुंजविणे दंडनीय ठरविले. त्या कलमात माणसाचे नाव नाही. विज्ञानेश्वराने मल्लाला मेंढ्याशेजारी बसविले, यात कोणास अवहेलना दिसेल. मला ती स्पष्टोक्ती वाटते. पैज लावणाऱ्याच्या नजरेत लढणाऱ्याची जागा तीच असते. भाषांतरात 'समाह्वय' हा शब्द मी तसाच ठेवतो, तो यासाठी. त्यातील हाक वाचकाला ऐकू गेली पाहिजे.