खडीसाखरेचा दोरा आणि नॅनोकण

सारा लिन्से आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा शोधनिबंध आम्हांला आवडतो, तो त्यातल्या साध्या कल्पनेमुळे. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. स्फटिक त्यावर लवकर धरतात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचं काहीसं तसंच. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या सांध्यांत त्याचे तंतू साचतात. परीक्षानळीत मात्र तंतू दिसायला वेळ लागतो, कारण पहिलं बीज जमणंच अवघड. नॅनोकण घातल्यावर ही वाट पाहणं कमी झालं. कणांच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे थरावर थर बसतात आणि तिथे रेणूंची दाटी होते. सिरियम ऑक्साइड, कार्बनच्या नलिका, पॉलिमरचे कण, सगळ्यांनी हेच दाखवलं. ही निबंधाची खरी ताकद.

पण सारांशात लेखक विषारी गुठळ्यांचा धोका वाढू शकेल असं सुचवतात, तिथे आम्ही थबकतो. प्रयोग झाला सामू २.५ असताना, रक्ताचा सामू ७.४! शिवाय याच गटाने २००८ साली दाखवलं, की तशाच पॉलिमरच्या कणांमुळे अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटाचे तंतू उलट उशिरा बनतात. २०१० साली तर अमिनो गट जोडलेल्या पॉलिस्टायरीनच्या कणांनी दोन्ही केलं: कण थोडे असताना तंतू लवकर, भरपूर असताना उशिरा. पृष्ठभाग फार झाला की प्रथिन त्यावरच अडकून राहतं, द्रावणात फारसं उरत नाही.

वर्गात दोऱ्याचं उदाहरण द्याच. पण वाटीभर पाकात शंभर दोरे सोडले तर काय होईल, हेही मुलांना विचारा.