काकूंची भिंत

गणेशोत्सवात आपल्या हॉलमध्ये आरतीची रांग जिथे वळते, त्या डाव्या भिंतीवर दरवर्षी पक्ष्यांची छायाचित्रं लागतात. ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी या लेखात त्यांचं नाव येणार नाही. "नाव छापलंत तर पुढच्या वर्षी भिंत रिकामी राहील," अशी तंबीच त्यांनी संपादकांना दिली आहे. मंडळात लहानथोर त्यांना काकू म्हणतात, तेव्हा इथेही काकूच.

स्मरणिकेत कौतुकाचे लेख येतात ते गाणाऱ्यांवर, नाटक बसवणाऱ्यांवर, लेझीम पथकावर. येऊ देत. पण न्यू जर्सीच्या थंडीत पहाटे उठून, थर्मासमध्ये चहा भरून, खाडीकाठच्या चिखलात तासन्‌तास पोटावर पडून राहणाऱ्या बाईंसाठी टाळ्या कोण वाजवणार? आणि वाजवल्याच तर पक्षी उडून जायचे.

काकू दापोली तालुक्यातल्या, समुद्रकाठच्या गावातल्या. घरामागे माड-पोफळींची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि मग पुळण. सकाळी दयाळाची शीळ, दुपारी तांबटाची टुकटुक, पडवीसमोरच्या पानांत शिंप्याचं शिवणकाम. तिथली बाकीची मुलंही हे सगळं ऐकत-बघत वाढली, मोठी झाली आणि विसरली. काकू विसरल्या नाहीत, त्याचं थोडं श्रेय कॅमेऱ्याच्या नालायकीला द्यायला हवं. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो, आणि तेही लग्नमुंजीसाठी राखलेले. त्यातला एखादा हट्टाने पक्ष्यावर खर्च केला, तर धुऊन आलेल्या फोटोत झाड दिसे, आभाळ दिसे. पक्षी बोट ठेवून दाखवावा लागे. म्हणून मग बघतच राहायचं. हा पक्षी आता काय करील, याचा अंदाज त्यांना कॅमेऱ्याविना येऊ लागला.

वेडा राघू घ्या. तारेवरून झेपावतो, हवेतच माशी टिपतो आणि बहुतेक वेळा फिरून त्याच जागी येऊन बसतो. मधमाशी असली तर तिला तारेवर आपटून, घासून नांगी काढतो आणि मगच गिळतो. फोटो काढायला आलेला नवखा माणूस उडत्या राघूमागे भिंग फिरवत बसतो आणि धुरकट हिरवे फराटे घेऊन घरी जातो. काकू रिकाम्या तारेवर नेम धरून थांबतात. इथल्या फीबी पक्ष्याची सवयही तशीच: कुंपणाच्या खुंटावरून उडायचं, माशी पकडायची, परत खुंटावर. काकूंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचं नावही माहीत नव्हतं, पण तो परत कुठे येणार हे माहीत होतं.

त्या अमेरिकेत आल्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. अपार्टमेंटच्या लोखंडी जिन्यावर ओळखीची निघाली ती चिमणी. तीही इथली नव्हे. १८५०च्या सुमारास युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलेल्या चिमण्यांचा हा वंशविस्तार. निळ्या ब्लूबर्डची घरटी बळकावते म्हणून इथले पक्षीप्रेमी तिच्यावर नाराज असतात. काकूंनी मात्र तिला वर्षानुवर्षं तांदळाच्या कण्या घातल्या.

गावी सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं होतं. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या चढत आणि त्याचा पसारा वाढत जाई. झाडाखाली माशांचे काटे, कधी समुद्रसापांचे मणके पडलेले सापडत. त्याच गोतातला इथला बाल्ड ईगल बघायचा म्हणून काकूंनी चौकशी केली, तेव्हा कळलं की अख्ख्या न्यू जर्सीत त्याचं एकच घरटं उरलं आहे. डीडीटी माशांवाटे गरुडांच्या अंगात जाई आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ होत, की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानेच ती फुटत. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, पण विष काही कायद्याबरोबर ओसरत नाही. १९८२ पासून इथल्या जीवशास्त्रज्ञांनी त्या घरट्यातलं अंडं हलकेच काढून यंत्रात उबवायला आणि पिल्लू पुन्हा आईबापांच्या हवाली करायला सुरुवात केली. जोडीला कॅनडातून ६० पिल्लं आणून इथे वाढवून सोडली. आज राज्यात दोनशेहून जास्त जोड्या नांदताहेत. काकूंच्या भिंतीवर दर दोन-चार वर्षांनी गरुडाचा नवा फोटो का असतो, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. गरुड उडण्याआधी बहुधा पुढे वाकून, शेपूट उचलून पोट हलकं करतो, ही खूण त्यांनीच मला सांगितली. तेवढ्यात बोट बटणावर गेलं पाहिजे. शोभिवंत फोटोंमागचं हे ज्ञान तितकंसं शोभिवंत नसतं!

स्लाइडच्या काळात ३६ फोटोंचा रोल जपून वापरावा लागे. आता ६०० मिलिमीटरची लेन्स आहे, आणि सेकंदाला वीस-वीस फोटो काढणारा, पक्ष्याचा डोळा आपणच शोधणारा कॅमेरा आहे. आपल्याकडे अनेकांकडे याहून महागडी सामग्री आहे. तरी त्यांचे फोटो पाहताना 'छान' म्हणून पुढे सरकायला होतं आणि काकूंच्या फोटोपाशी आरतीची रांग अडते. माझ्या मते फरक जागा निवडण्यात आहे. डेलावेअर उपसागराचा आपल्या बाजूचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीशी. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. म्हणजे पूर्वेचा वारा असेल त्या सकाळी ते थेट आपल्याकडे तोंड करून उतरणार. काकू आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघतात. वारा पश्चिमेचा असला की घरी लोणचं घालतात.

याच किनाऱ्यावर मे महिन्यात रेड नॉट येतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून निघालेला हा मूठभर पक्षी उत्तर ध्रुवाकडच्या वीणभूमीवर जाताना इथे जेमतेम दोन आठवडे थांबतो. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला हॉर्सशू क्रॅब वाळूत अंडी घालतात. ती खाऊन रेड नॉट आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि पुढे निघतो. १९९०च्या दशकात आमिष म्हणून हे क्रॅब बेसुमार पकडले गेले आणि पक्षीही घटत गेले. न्यू जर्सीने २००८ साली ही पकड बंद केली. २०१४ साली रेड नॉट देशाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आला.

गेल्या वर्षीच्या भिंतीवरचा त्याचा फोटो आठवतो का? विटकरी रंगाची छाती, चोचीच्या टोकाला हिरवट अंड्याचा कण, आणि डाव्या तंगडीवर नारिंगी पट्टी. ती पट्टी अर्जेंटिनात अडकवलेली; तिच्यावरची अक्षरं फोटोत स्वच्छ वाचता येतात. अशी अक्षरं काकू अभ्यासकांना कळवतात. कोणता पक्षी कुठून निघून किती वर्षं जगला, हे अशाच नोंदींवरून समजतं. पण त्या दिवसांत किनाऱ्याला दोरी लागते. पक्षी दचकून उडाला की खाल्लेलं तेवढं वाया जातं, म्हणून दोरीपलीकडे जायची मनाई. काकू दोरीबाहेर पडून राहतात. पक्षी जवळ आला तर आला. घुबडांचे पत्तेही त्या कुणाला देत नाहीत, मला तर नाहीच. रेकॉर्ड केलेली साद वाजवून पक्ष्याला समोर बोलावणाऱ्यांशी त्या सरळ भांडतात, आणि तेही अस्सल कोकणी थाटात. समोरच्याला शब्द कळत नसले तरी आशय पोचतो.

मला सगळ्यात आवडलेला फोटो मात्र फोर्सिथ अभयारण्यातला, हिवाळ्यातला. हजारो हिमहंस पाण्यावरून उठताहेत आणि मागे क्षितिजावर अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंच्या इमारती. तिथे फोटो काढणारे बहुतेक जण त्या इमारती चौकटीबाहेर ठेवायची धडपड करतात, नाहीतर नंतर संगणकावर पुसून टाकतात. काकूंनी त्या मधोमध घेतल्या. "हंस त्यांच्याच शेजारी राहतात, मी कशाला पुसू?" म्हणाल्या.

फोटोंखालची नावं त्या मराठीतून लिहितात. रातबगळा आणि थापट्या बदक इथेही आहेत आणि भिगवणलाही, त्यामुळे तिथे अडचण नसते. कार्डिनलला त्या कार्डिनलच म्हणतात. मराठी शाळेची मुलं त्यांच्याबरोबर खाडीवर जायला लागल्यापासून गृहपाठाच्या वह्यांत टिटवी आणि खंड्या दिसू लागले आहेत. खंड्याचं चित्र काढताना एका मुलीने त्याच्या चोचीत पिझ्झा दिला, तोही काकूंनी भिंतीवर लावला.

येत्या मे महिन्यात काकूंबरोबर किनाऱ्यावर जायचा रविवार वारा पाहून ठरेल. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण मंडळाकडे आहे. भडक रंगाचे कपडे नकोत, गाडीचं दार आपटू नये. डबे आपापले आणावेत. काकू पोहे आणतात, पण ते पहिल्या दोन गाड्यांपुरतेच असतात.