मौखिक कोणाचे? : रब्बींचे नियमशास्त्र आणि बेने इस्राएल

संहितेचा अर्थ निश्चित करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे वाचककेंद्री सिद्धान्तांच्या ओघात चर्चेला आला. यहुदी परंपरेने मात्र तो फार पूर्वीच धर्मविचाराच्या केंद्रस्थानी आणला होता. सीनाय पर्वतावर मोशेला दोन तोरा मिळाल्या, एक लिखित आणि दुसरी मौखिक, अशी रब्बींची श्रद्धा आहे. इतिहासाच्या अंगाने पाहता, पूर्वजांच्या अलिखित परंपरा फरीशी मानीत आणि सदुकी नाकारीत. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि बलिविधी व पुरोहित यांवर उभा असलेला धर्म अध्ययनाकडे वळला. इ. स. 200 च्या सुमारास यहुदा हानासी यांनी मिश्नेचे संकलन केले. तिच्यावरील चर्चा म्हणजे गमारा आणि दोहोंचा मिळून तालमूद.

या शास्त्राचे कार्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शब्बाथच्या दिवशी काम करू नये, असे तोरा सांगते. काम म्हणजे काय, हे ती नीटपणे सांगत नाही. मिश्ना त्याचे 39 प्रकार देते. आपल्याकडे श्रुती हे मूळ आणि स्मृती तिची अनुगामी. येथे लिखित हे मूळ असून ऐकलेले हे त्याचे विवरण आहे. हे विवरण एकमुखी नाही. अमान्य ठरलेले मतही मिश्ना त्या आचार्याच्या नावासह जतन करते. तालमुदातील एका कथेत मोशे अकिवांच्या पाठशाळेत मागील रांगेत जाऊन बसतो. चर्चा त्याला कळत नाही आणि तो खिन्न होतो. पण हा नियम सीनायवर मोशेला मिळाला, असे अकिवा सांगतात तेव्हा तो सावरतो. मूळ कर्त्याला न उमगणारा अर्थही त्याच्याच नावाने प्रमाण ठरतो. सुझन हँडलमन यांनी 1982 मध्ये रब्बींच्या या अर्थनिर्णयनाचा संबंध आधुनिक साहित्यसिद्धान्ताशी जोडला, तो अशाच जागांमुळे.

परंतु या मोकळिकीचे कौतुक करताना एक प्रश्न सुटून जातो: ज्यांच्यापर्यंत ही चर्चा पोहोचलीच नाही, त्यांचे काय?

ठाण्यात खोपटपासून फार दूर नसलेल्या टेंभी नाक्याच्या परिसरात 1879 मध्ये स्थापन झालेले 'शाआर हाशामाईम' हे बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातील हा समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी ते बंद ठेवी. म्हणून तो 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला. आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि प्रत्येक संस्कारात म्हटला जाणारा 'शेमा' एवढे त्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा सण' ही सणांची नावेही मराठीच. मिश्ना व तालमूद मात्र त्याच्याजवळ नव्हते. पुढे कोचीन आणि बगदाद येथील यहुद्यांशी संबंध वाढले, मराठी भाषांतरे झाली. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी सचित्र हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या या पोथीत मिश्नेचे अंश आहेत. म्हणजे मौखिक नियमशास्त्र या समाजाला भेटले ते बऱ्याच अंशी छापील पानावर, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

त्याची झळ इस्राएलमध्ये लागली. घटस्फोट आणि दिराशी विवाह यांविषयीचे रब्बींचे नियम या समाजाला ठाऊक नव्हते. तेव्हा नियमबाह्य विवाहांची संतती त्याच्यात असू शकेल, अशी शंका घेतली गेली. इतर यहुद्यांशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्राएलांच्या वंशाची चौकशी करावी, असे निर्देश मुख्य रब्बीपीठाने 1962 मध्ये दिले. या समाजात घटस्फोटाची रूढी जवळजवळ नव्हतीच, मग शंकेला आधार कोणता, असा प्रतिवाद झाला. आंदोलने झाली. 1964 मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असा ठराव केला आणि निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

हा वाद शास्त्र आणि अज्ञान यांच्यातील होता, असे मानणे सोपे आहे. वस्तुतः तो दोन मौखिकतांमधील होता. एक मौखिकता लेखनबद्ध झाली, तिला विद्यापीठे आणि न्यायासने मिळाली. तरीही 'मौखिक' हे नाव तिच्याकडेच राहिले. दुसरी घाणा, स्वयंपाकघर आणि संस्कार यांतून हस्तांतरित झाली. तिला 'रूढी' म्हटले गेले. पहिलीत मतभेदालाही जागा होती, पण ती चर्चेत प्रवेश असलेल्यांनाच. लोकसाहित्याच्या आणि संतपरंपरेच्या अभ्यासात आपणही 'मौखिक परंपरा' ही संज्ञा सरसकट वापरतो. ती वापरताना, जपणारे कोण आणि त्या जपणुकीला प्रमाण ठरविणारे कोण, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. ठाण्याच्या त्या प्रार्थनामंदिरात आज दोन्ही परंपरा एकत्र नांदतात: प्रार्थना रब्बींनी घालून दिलेल्या क्रमाने होते आणि नवसाचा मलिदा एलियाहू हानाबीच्या नावाने, कोकणच्या चालीने.