पाहुण्यानं काय वाजवावं?

आमच्या पुसदमध्ये डीजे हा माणूस नसतो, वस्तू असते. 'डीजे आला' म्हटलं की पिकअपवर रचलेली स्पीकरची भिंत, मागचा जनरेटर आणि वर फिरणारे शार्पी लाईट हे सगळं मिळून आलं असं समजायचं. लग्नाच्या बोलणीत डीजेचा विषय निघतो तो खर्च कोणाकडं एवढ्यापुरता. वाजवणारा पोरगा कोण, हे कोणी विचारत नाही. सातारा-कोल्हापूरकडं याच वस्तूला 'डॉल्बी' म्हणतात. ज्या कंपनीचं नाव जगात ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळं झालं, तिचं नाव आपण भिंती हलवणाऱ्या आवाजाला दिलं. नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा पोस्टरवर डीजेचं नाव क्लबच्या नावाहून मोठ्या अक्षरात पाहिलं आणि चकित झालो. इथं डीजे माणूस होता, आणि बहुतेक वेळा पाहुणा होता.

मार्चमधल्या एका शनिवारी मुंढव्यातल्या अशाच एका रात्रीला गेलो. दोन पाहुणे होते. एक बर्लिनहून आलेला, दुसरा बंगळुरूचा. त्यांच्याआधी दीड तास पुण्यातला एक स्थानिक डीजे, ज्याचं नाव पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. सोबत धाकटी बहीण होती. पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला ती नुकतीच पुसदहून आली होती आणि 'दादा, एकदा नेऊन तर आण' म्हणून मागं लागली होती. ती होती म्हणून दारावर मला कोणी अडवलं नाही. याआधी दोन वेगवेगळ्या क्लबांच्या दारातून मी 'स्टॅग' म्हणून, म्हणजे बाईमाणूस सोबत नसलेला एकटा पुरुष म्हणून, परत आलेलो आहे. दोघांचे मिळून ३,६०० रुपये झाले. हा हिशेब आधीच सांगतो, कारण पुढं मी जे म्हणणार आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

स्थानिक डीजेनं नऊ वाजता सुरुवात केली तेव्हा समोर वीसेक माणसं होती, तीही भिंतीला टेकून. त्यानं गती मिनिटाला ११८ ठोक्यांच्या आसपास ठेवली, बेस दाबून ठेवला आणि ओळखीचं एकही गाणं लावलं नाही. लोक बोलत होते, त्यांना बोलू दिलं. ज्यांना डीजे म्हणजे नुसता गाणी लावणारा वाटतो त्यांच्यासाठी इथं थोडं थांबतो. असं संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं. १२४ च्या गतीला असा एक तुकडा साडेपंधरा सेकंदांचा होतो. दोन ट्रॅक जोडताना ठोक्यावर ठोका बसला तरी भागत नाही, तुकड्यावर तुकडाही बसावा लागतो. शिवाय दोन्हींचा बेस एकाच वेळी मोकळा सोडला तर चिखल होतो. म्हणून जुन्याचा बेस काढत काढत नव्याचा आणायचा. आम्ही ऑफिसात जुन्या सर्व्हरवरची गर्दी नव्यावर अशीच हळूहळू वळवतो. वापरणाऱ्याला कळलं नाही तर काम चांगलं झालं. साडेदहा वाजता फ्लोअर भरला होता आणि तो नेमका कधी भरला हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग बर्लिनचा पाहुणा आला आणि पहिल्याच मिनिटाला गती १३२ वर गेली. त्याच्या जोडण्या स्वच्छ होत्या, एकही ठोका घसरला नाही. दर दोन-तीन मिनिटांनी ढोल थांबायचे, आवाज चढत जायचा, क्षणभर शांतता, की धाडकन बेस. हात वर, फोन वर. वीस मिनिटं मीही उड्या मारल्या. तिसाव्या मिनिटाला मला बारकडं जावंसं वाटलं, आणि तिथं पाहतो तर रांग लागलेली. त्याच्या वाजवण्यात चूक काढता येत नव्हती. पण समोर आम्ही नसतो, दुसरे कोणी असते, किंवा कोणीच नसतं, तरी ते दीड तास तसेच वाजले असते. दीड तासात कितव्या मिनिटाला काय होणार हे तो घरून ठरवून आला होता. आधीच्या माणसानं काय पेरलं हे त्यानं ऐकलेलंच नव्हतं. तो आला तेव्हा गाडीतून उतरून सरळ मंचावर गेला, हे मी पाहिलं होतं.

बंगळुरूचा पाहुणा मात्र साडेनऊपासून फ्लोअरच्या कडेला उभा होता. पाण्याची बाटली हातात, नजर लोकांवर. हा वाजवणारा आहे हे मला नंतर कळलं. बारा वाजता त्यानं आधीच्याचा शेवटचा ट्रॅक पूर्ण संपू दिला. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग १२० ची गती, आणि तीही बेसशिवाय. जोखीम होती. दहा मिनिटांत निम्मा फ्लोअर रिकामा झाला. जे राहिले त्यांच्यासाठी त्यानं सुरुवातीच्या स्थानिक डीजेच्या धाटणीचा ताल पुन्हा आणला आणि त्यावर एकेक थर चढवत नेला. बेस आला तो पाऊण तासानं. तोवर गेलेले परत आले होते.

आमच्याकडं पाहुण्याचा एक साधा नियम आहे. पाहुण्यानं ताटात पडेल ते खावं आणि उठताना स्वयंपाकाला नाव ठेवू नये. घरानं पाहुण्याला मान द्यायचा, पाहुण्यानं घराची रीत ओळखायची. पाहुण्या डीजेकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, आणि माझ्या मते त्याचं मोजमापही यावरच व्हावं. तो कोणत्या देशातून आला यावर नको.

या संगीताचा इतिहासही याच बाजूनं बोलतो. शिकागोत १९७७ साली सुरू झालेल्या 'वेअरहाउस' या क्लबवरून 'हाउस' हे नाव आलं. तिथं फ्रँकी नकल्स आठवड्यामागून आठवडे वाजवत असे, बहुतांशी त्याच काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांसमोर, ज्यांना शहरात इतरत्र मोकळं नाचायला जागा नव्हती. न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज'मध्ये लॅरी लेव्हननं दहा वर्षं हेच केलं. हे घरचे डीजे होते. समोरच्या गर्दीला काल काय आवडलं आणि आज ती कशानं दमली आहे, हे त्यांना ठाऊक असे. शहरोशहरी फिरणारा पाहुणा हा मुख्य धंदा झाला तो नंतर. सोबतीला घराची आठवण राहिली नाही, तर पाहुणा म्हणजे नुसता फिरता माल.

एकच्या सुमाराला बंगळुरूकरानं एक सूर सोडला, चिवट, वळवळणारा, पाण्यातून बोलल्यासारखा. शेजारचा मुलगा मित्राला म्हणाला, 'हे प्रॉपर युरोपचं.' तो सूर रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राच्या घराण्यातला. गिटारवाल्यांना सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून हे जपानी यंत्र निघालं आणि त्या कामात सपशेल पडलं. १९८७ साली शिकागोच्या 'फ्युचर' या गटानं त्यातून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार उभा राहिला. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, हिंदी सिनेसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईत हेच यंत्र, ८०८ हे ढोलाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, ती खपली नाही. एका डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगानं कान टवकारले. सिंग २०१५ साली वारले. शेजारच्या मुलाला हे सांगावंसं वाटलं, पण त्या आवाजात सांगणार कसं? परदेशी म्हणून आपण ज्याच्यासमोर वाकतो ते कधी कधी आपल्याच घरातून न ओळखता निघून गेलेलं असतं, एवढंच.

आता पुसदकडं वळतो, कारण लोकांकडं पाहून वाजवणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथं. विदर्भात डीजेच्या आधी संदल होतं, धुमाळ होतं. ट्रकवर कॅसिओ, ऑक्टोपॅड, ताशे, आणि समोरच्या पोरांच्या नाचण्यावर चाल बदलणारे वादक. त्यांची जागा लॅपटॉपनं घेतली. माझ्या वर्गातला एक मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून या धंद्यात गेला. गणपती, भीमजयंती, सेवालाल जयंती, शिवजयंती आणि लग्नसराई असं त्याचं वर्ष. एका विसर्जनाला मी रात्रभर त्याच्या गाडीवर बसलो होतो. भीमगीतावरून तो तांड्यावरच्या पोरांसाठी गोरबोलीतल्या गाण्यावर जायचा, तिथून एखाद्या जुन्या आरतीवर, आणि पोरं दमली की मुद्दाम लांबण लावायचा. जोडण्या ओबडधोबड, बेस कायम मोकळा, चिखलच चिखल. पण पूस नदीपर्यंतच्या वाटेवर गाडीपुढची गर्दी एकदाही पांगली नाही. मी विचारलं, तुला कळतं कसं? म्हणाला, 'मी पायाकडं पाहतो बे. तोंडाकडं पाहून काई समजत नाही.' मुंढव्यातल्या त्या रात्री माझ्या डोक्यात हे वाक्य होतं. बर्लिनवाल्यानं पाय पाहिले नाहीत.

इथवर वाचून कोणी म्हणेल की गावचा डीजे खरा आणि क्लबचा खोटा, असं मला म्हणायचं आहे. तसं म्हणता आलं असतं तर हा लेख सोपा झाला असता. पण विसर्जनाच्या दिवशी आम्ही आजीला नदीपलीकडं मामाकडं नेऊन सोडतो, कारण तिच्या छातीत धडधड होते. गाडी दारावरून जाते तेव्हा फडताळातली भांडी वाजतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचं गणित सरळ नसतं. दर दहाला ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे ५५ आणि १०५ यांच्यातला फरक एक लाख पटींचा. २०१८ साली गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीला मोकळीक द्यायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला तेव्हा माझा वर्गमित्र चिडला होता, मी त्याच्या बाजूनं भांडलो होतो, आणि आजी काही बोलली नव्हती. आता वाटतं, आमच्या दोघांहून तिचं म्हणणं जास्त खरं होतं. क्लबमध्येही कान वाचतात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि घरी आल्यावर माझे कान सकाळपर्यंत वाजत होते. फरक इतकाच, की तिथं ज्याला नको तो बाहेर राहू शकतो. आमच्या गल्लीत आजीला ती सोय नाही.

आणि दुसरी गोष्ट बहिणीची. तिनं आजवरची सगळी विसर्जनं आमच्या गच्चीवरून पाहिली. आई, काकू, शेजारच्या मुली, सगळ्या वर, खाली आम्ही. कोणी मनाई केली नव्हती. मनाई करावी लागलीच नाही. मुंढव्यात ती साडेतीन तास नाचली, बहुतेक वेळ डोळे मिटून. तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं, मीसुद्धा बारच्या रांगेत होतो. अंधार, भरलेला फ्लोअर आणि अनोळखी लोक यांनी तिला जे दिलं ते पुसदच्या रस्त्यानं, जिथं तिला नाव-आडनावासकट सगळे ओळखतात, कधी दिलेलं नाही. शिकागोतल्या त्या तरुणांना वेअरहाउस का हवं होतं, हे मला पुस्तकी माहितीवरून जेवढं कळलं होतं त्याहून त्या रात्री जास्त कळलं. पण ती आत होती ती ३,६०० रुपयांमुळं, आणि मी आत होतो तो तिच्यामुळं. पुसदच्या रस्त्यावर तिकीट नाही. चपला घातलेला, हमाली करून आलेला, कोणीही पोरगा तिथं पहिल्या रांगेत नाचतो.

म्हणजे एका जागी दार बंद आणि दुसऱ्या जागी गच्चीवरून खाली यायचा जिना बंद. चांगलं वाजवण्याची कसोटी मी पायांवर ठेवली, पण कोणाचे पाय तिथवर पोचतात हे वाजवणाऱ्याच्या हातात नसतं. ते क्लबच्या मालकाच्या आणि गणपती मंडळाच्या हातात असतं. समीक्षा करायचीच तर त्यांचीही करायला हवी.

दीड वाजता दिवे लागले. बंगळुरूकरानं मंचावरून खाली येऊन सुरुवातीच्या स्थानिक डीजेचा हात धरला आणि त्याला लोकांसमोर आणलं. टाळ्या फार पडल्या नाहीत, निम्मे लोक गाड्या बोलावण्यात गुंतले होते. रिक्षात बहीण म्हणाली, 'आपल्याकडं असं काहून होत नाही रे दादा? आवाज कमी, अन् आम्हीबी खाली?'

दुसऱ्या दिवशी मी वर्गमित्राला फोन केला. यंदा आमच्या गल्लीपुरता तासभर आवाज उतरवशील का, आणि गाडीमागं बायकांसाठी जागा सोडता येईल का, म्हणून विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, 'मले जमते. पण पैसे मंडळ देते. मंडळाले इचार.'

मंडळाची बैठक श्रावणात असते. जाणार आहे. बहीणही येते म्हणाली.